ती गेली

आषाढात बाहेरचं काम थांबलं की सुतारमामा पडवीत करवतींना धार लावायला बसत. करवत उलटी करून दोन फळ्यांच्या चिमट्यात धरायची, दात तेवढे वर काढायचे आणि तिधारी कानस एकेका खाचेतून ढकलायची. पागोळ्यांच्या आवाजातूनही ती वेगळी ऐकू येई : खर्र... खर्र... मध्ये जरा थांबणं. त्या थांबण्यात मामा कानस उचलून मागे आणत. कानस पुढे जातानाच कापते. टेकवून मागे ओढली तर तिचेच दात जातात. हे मी शिकलो ते एक कोरी कानस दोन दिवसांत मारून.

कानस झिजलेली डोळ्यांना दिसते, पण फार उशिरा. आधी कळतं ते कानाला. खर्र बारीक होत होत एक दिवस ‘चीं’ होतो. मग हाताला कळतं. काल चावत होती, आज घसरते. खाली पडणारा कीस पिठासारखा होतो, नंतर पडतच नाही. एवढं झाल्यावर उजेडात धरावी, तर करड्या अंगाच्या कडेने एक चकचकीत रेघ. बाकी हत्यारं चकाकली की बरं वाटतं. ही चकाकली की संपली.

कडा आधी झिजतात, कारण दोन दातांमधली खाच त्याच कोरतात. कडा तीन. एक संपली की मामा कानस फिरवून घेत आणि मुठीवर पेन्सिलीची रेघ ओढत. अंगावर खडू घाशीत, म्हणजे कीस अडकत नाही. कधी नुसती तुंबलेली असते, ब्रशने झाडली की पुन्हा चावते. झाडूनही घसरली तर मात्र मी जोर लावायचो. मामा वर न बघता म्हणत, “दाबू नको रे. ती गेली.”

रत्नागिरीत कानशींचा मोठा कारखाना, म्हणजे वाण नव्हती. तरी गेलेली कानस मामांना टाकवत नसे. पेटीच्या तळाशी पाच-सहा तरी असत.

आता दुकानात मिळतात त्या बहुतेक करवतींच्या दातांची टोकं निळी-काळी असतात, कडक केलेली. त्यांच्यावर कोरी कानसही पहिल्या फेरीलाच किंचाळते. अशी करवत बोथटली की फेकायची.

मामांची करवत माझ्याकडे आहे. तिच्या कानशीची तिसरी कड चालू आहे.