बिल मंदीवाल्यांच्या नावावर

छोट्या कंपनीचा शेअर सलग तीन दिवस लोअर सर्किटला बसला की माझा फोन वाजू लागतो. "साहेब, कोणीतरी शॉर्ट मारतंय." जानेवारी २०२३ मध्ये शॉर्ट-सेलर हिंडेनबर्गचा अदानी समूहावरचा अहवाल आला, तेव्हापासून तर हा संशय घरोघरी पोचलाय. गंमत अशी, की त्या हिंडेनबर्गनेही आपले सौदे अमेरिकेत व्यवहार होणारे रोखे आणि भारताबाहेरची डेरिव्हेटिव्हज यांत असल्याचं सांगितलं होतं.

आपल्याकडे हातात शेअर नसताना विकायचा आणि सौदा दुसऱ्या दिवसावर न्यायचा, तर वाटा दोनच. एक फ्युचर्स-ऑप्शन्सची, दुसरी २००८ पासून असलेली शेअर उसने घेण्याची. पहिलीत मोजक्या बड्या कंपन्या. दुसरीत छोट्या कंपनीचा शेअर उसना देणारा जवळपास मिळतच नाही. त्यातून शेअर टीटूटी म्हणजे ट्रेड-टू-ट्रेड गटात असेल तर सकाळी विकून दुपारी उचलणंही बंद. प्रत्येक सौद्याला डिलिव्हरी. मग रोज विकतोय कोण? ज्याच्या डीमॅटमध्ये माल आहे तोच.

आणि तो कधी विकू शकेल, हे प्रॉस्पेक्टसमधल्या भांडवल रचनेच्या प्रकरणात छापलेलं असतं. ते प्रकरण कोणी वाचत नाही. सगळे ग्रे मार्केटचा प्रीमियम विचारतात. अँकर गुंतवणूकदारांचे निम्मे शेअर ३० दिवसांनी सुटतात, उरलेले ९० दिवसांनी. एसएमई इश्यूत प्रवर्तक नसलेल्या जुन्या भागधारकांना साधारण वर्षभर थांबावं लागतं, प्रवर्तकांच्या किमान २० टक्के वाट्याला तीन वर्षं.

झोमॅटोचंच बघा. कंपनी छोटी नाही, पण उदाहरण स्वच्छ आहे. २३ जुलै २०२१ ला लिस्टिंग. प्रवर्तक म्हणून कोणीच नाही, त्यामुळे जुन्या भागधारकांना एक वर्षाचा लॉक-इन. तो सुटला तेव्हा सुमारे ७८ टक्के भांडवल मोकळं झालं आणि सोमवारी, २५ जुलै २०२२ ला, शेअर ११ टक्क्यांहून जास्त आपटला. त्या वेळी तो फ्युचर्सच्या यादीत नव्हताच. तिथे गेला नोव्हेंबर २०२४ मध्ये.

माझा संशय पडण्यावर नसतो, त्याआधीच्या चढण्यावर असतो. प्रेफरेन्शियल अलॉटमेंटचे शेअर प्रवर्तकेतर मंडळींना सहा महिन्यांनी मोकळे होतात. समजा, त्यांना ते ४० रुपयांनी मिळाले. पाचव्या महिन्यात मोठ्या ऑर्डरची बातमी येते, बोनसची कुजबूज सुरू होते, टेलिग्रामवर १५० चं टार्गेट फिरतं. शेअर ११० ला पोचतो आणि खरेदीला आपली मंडळी रांग लावतात. सातव्या महिन्यात खालचं सर्किट. मग मंदीवाल्यांच्या नावाने शिमगा!

अशा वेळी मी दोन याद्या शेजारी ठेवतो: अलॉटमेंट कोणाला झाली ती, आणि एक्स्चेंजवर संध्याकाळी येणारी बल्क डीलची. दिवसात कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरची उलाढाल करणाऱ्याचं नाव तिथे लागतं. हे ठाऊक असणारे बेरकी लोक रोज त्या मर्यादेच्या आत विकतात. त्यांच्यासाठी पुढचा भागधारणेचा तक्ता पाहावा लागतो. एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सार्वजनिक भागधारकांची नावं त्यात असतात, आणि मागच्या तक्त्यातलं एखादं नाव या वेळी गायब झालेलं असतं.