कोलारच्या टेकड्या

मुलांना सोन्याच्या खाणी दाखवायला आम्ही कोलार गोल्ड फील्ड्सला गेलो. धाकटी ओरडली, “अब्बा, टेकड्या!” टेकड्या कसल्या, दळलेल्या खडकातून सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेला तो गाळ. वारा सुटला की त्याची धूळ वस्तीत येते.

इथले सोने गारगोटीच्या शिरांत. १८८० पासून जॉन टेलर कंपनी त्यांच्या मागे खाली उतरत गेली. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल झाली. तिथे उष्मा भयंकर, आणि दाबाने खडक अचानक फुटून माणसे गाडली जात. ८०० टनांवर सोने निघाले. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद पडल्या. आता घरोघरची माणसे पहाटेच्या रेल्वेने बंगळूरला कामाला जातात.

एक निवृत्त चाचा भेटले. धाकटीने विचारले, “तुमच्याकडे खूप सोने असेल ना?” चाचा हसले, मग खोकला लागला तो थांबेना. आम्ही पाण्याची बाटली पुढे केली.