आक्काचं कीर्तन

वैशाख वद्य दशमीला आमच्या मुक्ताईनगरात (माझ्या लहानपणीचं एदलाबाद) मुक्ताईचा अंतर्धान सोहळा असतो. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात कीर्तन. पुण्याची आक्का आता अंथरुणाला खिळलेली. तिला ते दाखवायचं, म्हणून मी ओबीएस स्टुडिओच्या नादी लागलो. २०१२ साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत. दोन कॅमेरे जोडायचे, एक महाराजांवर, एक मृदंगावर, आणि बटण दाबून चित्र बदलायचं.

उबुंटूवर ओबीएस सहज बसलं. पण आक्काला फक्त व्हिडिओ कॉल कळतो. त्यासाठी ओबीएसचा आभासी कॅमेरा हवा, आणि त्याचं बटणच दिसेना! ते म्हणे 'व्हीफोरएलटू-लूपबॅक' नावाच्या मॉड्यूलवर अवलंबून. ते मॉड्यूल आपल्या कर्नलपुरतं तयार व्हावं लागतं, म्हणून त्याआधी कर्नलच्या हेडर फाइली हव्यात. नवरदेवाआधी मामा, मामाआधी मामाचे व्याही! तीन दुपारी गेल्या. बटण दिसलं तेव्हा सौ.ना हाक मारून दाखवलं.

कीर्तन सुरू झालं. चित्र सुरेख. तेवढ्यात भाचीचा फोन, "मामा, आवाज येत नाहीये!" आभासी कॅमेरा फक्त चित्र नेतो, माइक कॉलमध्ये वेगळा निवडायचा असतो. (आणि मी जन्मभर पोरांना 'प्रश्न पूर्ण वाचा' सांगत आलो.) घाईघाईनं शोधत होतो, तर हेडफोनमध्ये बारीक सूर आला. महाराजांच्या ओठांवरून आक्कानं अभंग ओळखला होता. ती म्हणत होती, एक ओळ मागे.