सहा ते आठ आठवडे

चहाचा पुडा संपला की तो मला अजून सरळ फेकता येत नाही. कात्रीनं वरची कड नीट कापायची, उरलीसुरली पूड झटकायची, पुडा चपटा करायचा, हे सगळं हात आपोआप करतात. मग माझं मलाच हसू येतं आणि पुडा कचऱ्याच्या डब्यात जातो. तीस वर्षं होत आली, तरी सवय काही जात नाही.

परवा सुनेनं हे पाहिलं. ती स्वतः त्या दिवशी जरा वैतागलेली होती. मोबाइलवरून कसलंसं बिल भरलं तेव्हा तिला साठ रुपये परत मिळणार होते, ‘७२ तासांत खात्यावर जमा’ म्हणून. नववा दिवस उजाडला तरी जमा नाही. मी म्हटलं, "अगं, साठ रुपयांसाठी एवढं काय?" तर म्हणाली, "साठ रुपयांचं नाही हो आई. पण ते म्हणाले होते ना!"

ते वाक्य ऐकलं आणि मी हातातली कात्री खाली ठेवली. अगदी हेच शब्द याच स्वयंपाकघरात मी एकदा ऐकले होते.

गोष्ट १९९४ ची. आमचं घर उद्यमबागेत. चहूकडे फौंड्र्या, लेथ, ग्राइंडिंगचा आवाज आणि अंगणातल्या तुळशीवर बारीक काळी धूळ. ह्यांचं छोटं वर्कशॉप घरापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. हे कामातून धावतपळत यायचे, त्यामुळे चपात्या लवकर करून ठेवाव्या लागत आणि पानात पडेपर्यंत त्या गार होत. तेव्हा चपात्या गरम ठेवणारे ते डबे, कॅसरोल, नुकतेच घरोघरी दिसू लागले होते. माझ्या मनात एक घ्यायचा होता. पण तो चैनीत मोडत होता आणि घरात नुकतंच मशीनचं कर्ज काढलं होतं.

अशात कोल्हापूरहून येणाऱ्या पेपरात जाहिरात आली. एका चहा कंपनीची. नाव सांगत नाही. पाव किलोचे बारा रिकामे पुडे, सोबत पाच रुपयांची पोस्टाची तिकिटं आणि भरलेला फॉर्म पाठवा, कॅसरोल मिळवा. खाली लिहिलं होतं, ‘भेटवस्तू सहा ते आठ आठवड्यांत घरपोच.’

मी पुडे जमवायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "फुकटच्या डब्यासाठी बारा पुडे चहा? हा परिग्रह चहाचा म्हणायचा की डब्याचा?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. निपाणीला माहेरी गेले तर वहिनीचे दोन पुडे घेऊन आले. शेजारच्या कानडी अक्कांनी तीन दिले. मैत्रिणींनो, रिकाम्या पुड्यांसाठी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावणारी बाई तुम्ही पाहिली असेल. ती मी होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडे धुण्याभांड्याला मजगावहून एक मावशी येत. एकदा पुडे मोजताना त्यांनी विचारलं, "ह्ये कशापायी वैनी?" मी हौसेनं सगळं सांगितलं. त्यांच्या मुलीचं लग्न येत्या वैशाखात करायचं होतं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "रुखवतात मांडाय बरं दिसंल की."

मावशी सुटी चहापूड घेत. पुड्याचा चहा त्याहून पाच-सहा रुपयांनी महाग. महिन्याला एका घरचे ऐंशी रुपये मिळवणाऱ्या बाईला तो फरक लहान नव्हता. तरी त्यांनी पुडे घ्यायला सुरुवात केली, दोन घरचे रिकामे पुडे मागून आणले आणि डिसेंबरअखेर बारा भरले. त्यांचा फॉर्म मीच भरला. फॉर्म इंग्रजीत होता. शेवटच्या तारखेआधी दोन्ही पाकिटं आमच्या पोस्टात टाकली. यूपीसी केलं, म्हणजे पाकीट टाकल्याचा शिक्का मारलेला कागद घेतला. आता ती सोय राहिली नाही. पिन कोड मोठ्या अक्षरात लिहिला, ५९०००८. हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, पोस्टातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. एकाच नावाची गावं आणि निरनिराळ्या लिपीतले पत्ते यातून पत्र नेमकं घरी पोचावं म्हणून त्यांनी हे सहा आकडे बसवले. आमच्यासारख्या सीमेवरच्या, तीन भाषांत पत्ता लिहिणाऱ्या लोकांना त्याचं मोल जास्त.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आठ आठवडे संपले. मावशी रोज दारातून आत येतानाच विचारायच्या, "वैनी, आलं काय वं?" आधी हसून विचारायच्या. मग नुसतं विचारायच्या. मग मार्चच्या शेवटी त्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि ते मला जास्त लागलं.

मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पत्ता होता मुंबईच्या एका पोस्ट बॉक्सचा. पोस्ट बॉक्सला दार नसतं, मैत्रिणींनो, त्यामुळे जाऊन ठोठावताही येत नाही. ह्यांना सांगितलं तर हे हसले. ह्यांचं कास्टिंगचं बिल एका मोठ्या कारखान्यात चार महिने अडकलं होतं. म्हणाले, "कंपनी म्हणजे वेळेवर घेणारी आणि सवडीनं देणारी. तू आत्ता शिकतीयस, मी रोज शिकतोय." पुढे २००६ साली लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा झाला. तरी उद्यमबागेत कुणालाही विचारा, पैसे मागायला घातलेले हेलपाटे काही थांबलेले नाहीत.

असं का होतं, हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. अशा योजनांचं काम बहुतेक वेळा कंपनी स्वतः करत नाही, बाहेरच्या एजन्सीला देते. पाकिटं तिथं जातात, ती फोडायची, पुडे मोजायचे, नावांची यादी करायची. किती वस्तू लागतील याचा अंदाज आधीच बांधलेला असतो आणि त्यात एक गोष्ट धरलेली असते, ती म्हणजे बायका हौसेनं माल घेतील, पण शेवटी सगळ्याच काही पाठवणार नाहीत. कुणाचे पुडे हरवतील, कुणाची तारीख चुकेल, कुणी कंटाळेल. आपल्या कंटाळ्यावर त्यांचा हिशोब बसलेला असतो. तो चुकला आणि जास्त जणींनी चिकाटी दाखवली की वस्तू कमी पडतात आणि मग ‘सहा ते आठ आठवडे’ लांबत जातात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९९२ साली ब्रिटनमध्ये हूवर कंपनीनं जाहीर केलं की १०० पाउंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन तिकिटं मोफत मिळवा. लोकांनी तिकिटांसाठी नको असलेली झाडू-यंत्रं घेतली. कंपनीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले, तिकिटं मिळेनात, लोक कोर्टात गेले आणि कंपनीला जवळजवळ पाच कोटी पाउंडांचा फटका बसला. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. आम्ही कोर्टात जायचं मनातही आणलं नाही. खरं तर तेव्हा आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा होऊन आठ वर्षं झाली होती. द्यायचा हेतू नसताना बक्षीस किंवा भेट जाहीर करणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पण एवढं बी.ए. होऊन मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी एका डब्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

एप्रिल संपत आला. लग्न पंधरा दिवसांवर. एक दिवस भांडी घासता घासता मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मुलीला म्या सांगून बसलोय. सासरच्यास्नीबी बोललोय. डब्याचं न्हाई वैनी, पर तुमी म्हणला हुतासा."

कंपनी म्हणाली होती, असं त्या म्हणाल्या नाहीत. कंपनी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी पाहिलं होतं मला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी बारा पुडे चहा महाग घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी गणपत गल्लीत गेले आणि घरखर्चातून साठवलेल्या पैशांतून एक कॅसरोल घेतला. स्वतःसाठी घेतला नव्हता तो. घरी आणला, खोक्यातून काढला आणि मावशींना दिला. म्हटलं, "आला बघा कंपनीचा." मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पिशवीत घातला.

लग्नाला मी गेले होते. रुखवतात लाडू-करंज्या, लोकरीची तोरणं आणि मधोमध तो डबा. मावशी येईल त्या बाईला सांगत होत्या, "आमच्या वैनीनी मिळवून दिला." पुढच्या आठवड्यात मजगावच्या तीन बायका माझ्या दारात. त्यांनाही फॉर्म भरून हवे होते! त्यांना योजना संपली म्हणून सांगताना माझ्या कपाळावर घाम आला. एक खोटं बोललं की ते एकटं राहत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पोस्टमन दोन पाकिटं घेऊन आला. एक माझ्या नावाचं, एक मावशींच्या. पाकिटं इतकी पातळ, की आत काय नाही ते हातात घेतल्यावरच कळलं. पत्त्यावर टाइप केलं होतं, ‘बेळगाव, महाराष्ट्र’. १९५६ पासून चाललेला एवढा मोठा प्रश्न कुणा कारकुनानं टाइपरायटरवर सोडवून टाकला होता, पण डबा काही त्याला पाठवता आला नव्हता. माझं पाकीट फोडलं. इंग्रजी पत्र होतं. प्रचंड प्रतिसादामुळे साठा संपला, दिलगीर आहोत, सोबत पुढच्या पुड्यावर दहा रुपये सवलतीचं कूपन. आणि त्या कूपनाची मुदत सप्टेंबरातच संपलेली.

मावशींचं पाकीट मी फोडलं नाही. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मलाच परत दिलं, "वाचा की वैनी, काय लिवलंय?"

इंग्रजी पत्र. त्यात काय आहे ते मी सांगेन तेच. ‘डबा मिळाला का म्हणून विचारलंय’ असं म्हटलं असतं तर विषय संपला असता. जीभ तशी वळलीही होती. पण घरात तो दहा लक्षणांचा महिना होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि दुसऱ्यांदा खोटं बोलायचं माझ्यानं झालं नाही. मी सगळं वाचून दाखवलं. डबा गणपत गल्लीतला आहे हेही सांगितलं.

मावशींनी कूपन हातात घेऊन जरा निरखलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय की. बुडाला दुकानाची चिठ्ठी हुती, किंमत लिवल्याली. पोरीनं नखानं काढली." आणि बादली उचलून धुण्याला गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मे महिन्यापासून मावशी दर आठ-पंधरा दिवसांनी काही ना काही आणत होत्या. कधी शेतातल्या वालाच्या शेंगा, कधी मेथीची जुडी, पावसाळ्यात चार शेर घरचा तांदूळ. मी म्हणायचे, "मावशी, कशाला?" त्या म्हणायच्या, "जास्त झालंय वैनी, ऱ्हाऊ दे." जास्त झालेलं नव्हतं. त्या डबा फेडत होत्या. कंपनीनं बुडवलेलं देणं मजगावची एक बाई शेंगा आणि तांदळानं फेडत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे १९९९ साली माझ्या मुलानं ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ म्हणत बिस्किटांच्या वेष्टणांवरच्या धावा जमवल्या. शंभर झाल्या की पुस्तिका मिळायची. त्यानं विचारलं, "आई, कुठं पाठवायच्या?" मी म्हटलं, "पाठवायच्या नाहीत. ज्याच्या तोंडाकडे बघून घेतो, त्याच्याच हातात द्यायच्या." दुकानदार ओळखीचा होता.

कंपन्यांना ‘सहा ते आठ आठवडे’ लिहायला एक ओळ पुरते. पण त्या ओळीवर घराघरांत कुणीतरी कुणालातरी शब्द दिलेला असतो. वस्तू नाही आली तर तेवढं नुकसान सोसता येतं. मधल्या माणसाचा शब्द जातो त्याची भरपाई दहा रुपयांच्या कूपनात कशी बसणार?

सुनेला मी तेच सांगितलं. साठ रुपये सोडू नकोस. स्क्रीनचा फोटो काढून ठेव, कंपनीला लेखी विचार, तारीख टिपून ठेव. नाहीच दाद दिली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन कर. नवा कायदा २०२० पासून लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगाकडे तक्रार करायला फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायला हवी. तिनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. मी १९९४ साली केलं नाही ते तिनं दहा मिनिटांत केलं.

मग म्हटलं, "आणि एक. ही ऑफर तू आणखी कुणाला सांगितली होतीस का?"

ती थबकली. "हो, आपल्या भाजीवाल्या अक्कांना. त्यांनीही त्याच दिवशी बिल भरलं."

"मग आधी त्यांच्याकडे जा," मी म्हटलं. "त्यांनी विचारायच्या आत."