कुलूप कुणाचं?

बॉसविरुद्धच्या तक्रारीचे कागद वकील मैत्रिणीला मेल करायचे होते. ‘एनक्रिप्ट करूनच पाठव गं,’ तिने बजावलं. सर्व्हरवर शोधलं, तर तिच्या नावाच्या दोन पब्लिक की! पब्लिक की म्हणजे उघडं कुलूप. लावणार कुणीही, उघडणार फक्त मालक. पण मालक नक्की कोण? १९९१मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी आणलं, तेव्हापासूनची ही डोकेदुखी. जुन्या की-सर्व्हरवर कुणीही कुणाच्याही नावाने की टाकू शकायचं.

मी वरची की निवडलीही होती. मग म्हटलं, फोन तर करू. तिने स्वतःच्या कीच्या फिंगरप्रिंटची ४० अक्षरं वाचली, मी एकेक ताडून पाहिलं. जुळली ती खालची! आणि वरची?

‘ए बाई, ती माझी नाहीच!’

माझे कागद कुणी वाचले असते, देव जाणे. तुम्हीही एक फोन कराच.