कासारवाडीत मुस्लिमगॉझ ऐकताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली होती. खिडकीजवळ जागा मिळाली, म्हणून हेडफोन लावले आणि मोबाईल मांडीवर ठेवला. खडकी सोडल्यावर लक्षात आलं, शेजारचे गृहस्थ माझ्या स्क्रीनकडे बघताहेत. मग त्यांनी माझ्या दाढीकडे बघितलं. मग परत स्क्रीनकडे. अल्बमचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत दिसत होतं आणि त्यात 'हिजबुल्ला' हा शब्द होता.

मी स्क्रीन बंद केली. दापोडी आलं, गेलं.

"काय ऐकताय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"गाणी."

"कुठली?"

"इंग्रजी."

खोटं बोललो नाही. ते संगीत करणारा माणूस इंग्रजच होता, मँचेस्टरचा. नाव ब्रिन जोन्स. पण कासारवाडीला उतरलो तेव्हा माझे तळहात घामाने ओले झाले होते. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर त्या फोल्डरचं नाव बदलून 'जुनी गाणी' ठेवलं.

हे असलं संगीत मी का ऐकतो, हा प्रश्न मला अम्मीपासून मशिदीतल्या मित्रांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आमच्या वस्तीपासून सुरुवात करावी लागेल.

कासारवाडी म्हणजे आवाज. एका बाजूला मुंबई-पुणे रस्ता, दुसऱ्या बाजूला रेल्वे, मध्ये आम्ही. २०२२पासून मेट्रोही आली. नाशिक फाट्यावरून वळलं की भोसरीची एमआयडीसी. अब्बा तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, धाड. पीस काढायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा. सत्तावीस वर्षं हेच. कानात घालायला प्लग कधी मिळाले नाहीत. अब्बा कापसाचे बोळे घालून जायचे.

कारखान्यातल्या आवाजाने येणारं बहिरेपण तेव्हाच्या फॅक्टरी कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेलं होतं. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादाही होती. पण आवाज मोजायला कुणी मीटर घेऊन आल्याचं अब्बांना आठवत नाही. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला तेव्हा त्यातली रेघ ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती. गोंगाटाने गेलेल्या कानाची हीच खूण, ते म्हणाले. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं हरवतात. आ, ओ, ऊ उरतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. अब्बांना अजान ऐकू येते, पण ती नुसत्या लांबलेल्या स्वरांची. शब्द ते आठवणीने भरून काढतात.

अशा घरातल्या मुलाला खरं म्हणजे शांतता आवडायला हवी होती. मला कॉलेजात असताना एका मित्राने पेनड्राईव्ह दिला आणि त्यातून जॉय डिव्हिजन नावाचा बँड भेटला. त्यांचा 'अननोन प्लेझर्स' हा अल्बम १९७९चा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, कुणीतरी रात्रपाळीच्या रिकाम्या शेडमध्ये उभं राहून गातंय. गाणाऱ्याचा आवाज खोल, ड्रम कोरडे, आणि चाल गिटारऐवजी बेसवर. निर्माता मार्टिन हॅनेट याने त्यात लिफ्टचा आवाज घातला आहे, काच फुटल्याचा आवाज घातला आहे. अल्बम काढणाऱ्या कंपनीचं नाव काय, तर 'फॅक्टरी'. गायक इयन कर्टिस याने मे १९८०मध्ये आत्महत्या केली. वय अवघं २३.

या अल्बमच्या काळ्या कव्हरवर पांढऱ्या लाटांसारख्या रेघा आहेत. तो टी-शर्ट बँडचं नाव न ऐकलेली मुलंही घालून फिरतात. त्या रेघा म्हणजे १९६७मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याचे रेडिओ स्पंद. गंमत बघा, आमच्या नाशिक फाट्यावरून सरळ निघालात तर चाकणला पल्सार मोटारसायकल बनते, आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला खऱ्या पल्सारचे स्पंद टिपणाऱ्या प्रचंड रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. मँचेस्टर आपल्याला वाटतं तितकं लांब नाही.

मग एकातून दुसरं सापडत गेलं. पोलादाचं शहर असलेल्या शेफिल्डचा कॅबरे व्होल्टेअर. लंडनचा थ्रॉबिंग ग्रिसल, ज्यांनी १९७६मध्ये 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' नावाची कंपनी काढली आणि त्यावरून अख्ख्या प्रकाराला इंडस्ट्रियल म्युझिक म्हणायला लागले. बर्लिनचा आइनश्टुर्झेंड नॉयबाउटन, जे लोखंडी पत्रे आणि ड्रिल मशीन घेऊन स्टेजवर यायचे. हे ऐकताना मला परकं कधी वाटलं नाही. भोसरीत हे रोज तीन पाळ्यांत वाजतं. फरक इतकाच की तिकडे त्याला तिकीट लावलं, इकडे त्याने कान गेले.

या वाटेवर ब्रिन जोन्स भेटला. १९८२मध्ये इस्रायलने लेबनॉनवर हल्ला केला, त्याने हा माणूस हलला, आणि पुढच्या वर्षापासून 'मुस्लिमगॉझ' या नावाने रेकॉर्ड काढू लागला. नावात शब्दांचा खेळ आहे. इंग्रजीत मस्लिन म्हणजे मलमल आणि गॉझ म्हणजे जखमेवर बांधतात ते जाळीदार कापड. मस्लिनचं त्याने मुस्लिम केलं. गॉझ हा शब्द काही जण गाझा शहराच्या नावाशी जोडतात. कापडगिरण्यांच्या शहरातल्या माणसाने असं नाव घ्यावं, यात काही नवल नाही.

तो स्वतः मुस्लिम नव्हता. पॅलेस्टाईनला, किंबहुना त्या भागातल्या कुठल्याच देशात, कधी गेला नाही. ताब्यात घेतलेल्या भूमीत पर्यटक म्हणून जाणं योग्य नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आईवडिलांच्या घरी राहायचा, जुन्या यंत्रांवर काम करायचा, टेपांवर टेपा भरून कंपन्यांना पाठवायचा. कंपन्या काढून काढून दमल्या. १४ जानेवारी १९९९ रोजी रक्तातल्या बुरशीच्या दुर्मिळ संसर्गाने वयाच्या ३७व्या वर्षी गेला, तोवर नव्वदहून अधिक अल्बम झाले होते. त्यानंतरही येतच राहिले.

त्याचं संगीत शब्दांत सांगणं अवघड आहे. दरबुक्यासारखे हाताचे ताल, तबला, खालून गुरगुरणारा बेस, रेडिओची खरखर, मध्येच बाजारातल्या माणसाचं तोडलेलं वाक्य. एकच ठेका दहा-दहा मिनिटं फिरतो आणि एकदम कात्रीने कापावा तसा थांबतो. गायक नाही, गाणं नाही. १९९२च्या अल्बमचं नाव 'झुल्म'. आपला जुलूमच तो. मी जेव्हा हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मँचेस्टरमधल्या एका गोऱ्या माणसाने आमच्या घरात रोज बोलला जाणारा शब्द अल्बमवर छापला होता, तोही त्या वर्षी, ज्या वर्षाचं नाव निघालं की आमच्याकडे मोठी माणसं अजून गप्प होतात.

पुष्कळ दिवस मी या माणसावर फिदा होतो. नंतर राग यायला लागला. आमचा आवाज त्याला चालतो, आमचं म्हणणं मात्र त्याच्या यंत्रात कापलं जातं, असं वाटायचं. त्याच्या रेकॉर्डवरचा मुसलमान म्हणजे एक सूर, एक हुंकार, बुरख्यातलं किंवा बंदूक घेतलेलं एक चित्र. त्या मुसलमानाला पीएफचा फॉर्म भरायचा नसतो, मुलीची फी भरायची नसते. आणि ज्या संघटनांची नावं त्याने बिनधास्त कव्हरवर टाकली, त्यांच्या हातूनही साधी माणसं मेली आहेत. त्या नावांवर माझा जीव नाही. ती मी घेतली नसती.

पण लोकलमधल्या त्या दिवसाने मला वेगळीच गोष्ट दाखवली. 'मुस्लिम' हा शब्द ब्रिन जोन्सने निवडला होता. तो घेऊन तो मँचेस्टरच्या बसमध्ये आरामात बसू शकत होता, कारण त्याचं खरं नाव जोन्स होतं. माझ्याकडे तो शब्द जन्मापासून आहे. त्याच्या अल्बमला संग्राहक पैसे मोजतात. तोच अल्बम माझ्या मोबाईलवर दिसला की माझी चौकशी होते. अल्बम एकच. फक्त ऐकणारा बदलला की तो कलाकृतीऐवजी पुरावा होतो. शेजारच्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी फक्त विचारलं. घाबरलो मी. न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं तयार ठेवायची सवय मला कुणी लावली, हा खरा प्रश्न आहे.

दुरून ऐकणाऱ्यांचं काही ऋणही असतं, हेही मान्य करायला हवं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, फार कुणी विचारलं नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१०मध्ये पुन्हा निघाली, आणि मग जग म्हणालं, अरे, हे तर अ‍ॅसिड हाऊस संगीतासारखं, तेही त्याच्या आधीचं! आपल्या घरातला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, असंही होतं.

अम्मीची हरकत वेगळी होती. संगीत हराम, त्यात हे असलं भुतासारखं. मी इमाम गझालींचं नाव घेतलं. 'इह्या'मध्ये त्यांनी समा, म्हणजे श्रवण, या विषयाला अख्खं प्रकरण दिलं आहे आणि अटी घालून मोकळीक दिली आहे. अम्मी म्हणाली, "गझाली साब ये सुनते तो किताब बंद करके उठ जाते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लोकलच्या प्रसंगानंतर पंधराएक दिवसांनी, एका रविवारी, घरातल्या मोठ्या स्पीकरवर मी तो फोल्डर लावला. अम्मी माहेरी गेली होती. अब्बा आतल्या खोलीत आहेत, त्यांना काय ऐकू येणार, असं धरून चाललो होतो. पाच मिनिटांनी ते दारात उभे. स्पीकरजवळ आले, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. तेव्हा मला डॉक्टरांचा तो आलेख आठवला. वरचे आवाज गेले होते. पण खालचा बेस, ड्रमचा ठोका, हे सगळं त्यांच्यासाठी शाबूत होतं. गेल्या कित्येक वर्षांत घरात लागलेली एकही कव्वाली त्यांच्यापर्यंत इतकी पुरी पोहोचली नसेल.

"प्रेस है ये," ते म्हणाले. "चालीस टन का होना. किलच घिसेला है, देख, ठोका लेट पड़ रहा."

मी मोठ्याने, तोंड दिसेल असं वळून, सांगितलं की हे संगीत आहे, एका इंग्रजाने केलंय, मुसलमानांसाठी, पॅलेस्टाईनसाठी. नावही सांगितलं.

"मुसलमान था?"

"नहीं."

"आया था कभी इधर?"

"नहीं अब्बा. कहीं गया ही नहीं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. हात स्पीकरवरच होता. "फिर नाम कायको लिया रे हमारा?" ते म्हणाले. आणि मग, मी काही बोलायच्या आत, "लगा रहने दे."

अल्बम संपेपर्यंत ते तिथेच खुर्ची ओढून बसले. मीही बसलो. मला माझ्या रागाचं आणि ऋणाचं गणित त्या दिवशी सुटलं नाही, आजही सुटलेलं नाही. फोल्डरचं नाव अजून 'जुनी गाणी'च आहे, हे कबूल करतो. लोकलमध्ये स्क्रीन अजून उलटी ठेवतो. पण अम्मी घरी नसली की अब्बा आतून हाक मारतात, "मशीन लगा रे." मग मी लावतो.