गोव्याला चाललोय... कॉन्फरन्सला!

ऑफिसात मेल येतो : तीन दिवसांची कॉन्फरन्स, दक्षिण गोवा, बीच रिसॉर्ट. अख्खा फ्लोअर तुमच्यावर जळतो. चौथ्या दिवशी तुम्ही परतता ते गळ्यात बॅज, हातात फुकटची बॅग आणि एसीची सर्दी घेऊन. समुद्र? तो चहाच्या ब्रेकमध्ये काचेतून दिसला होता! माझ्या पहिल्या कॉन्फरन्समध्ये अगदी हेच झालं. पुढच्या वेळी मात्र शहाणपण आलं. तेच इथे वाटून टाकते.

तिकीट नीट वाचा
जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा पार उत्तरेला, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. रिसॉर्ट कोलवा, बाणावली, वार्का किंवा कावेलोसिमला असेल, तर दाबोळीच बरं. मोपाहून टॅक्सीत दोनेक तास आणि खिशाला चांगलीच फोडणी! मुंबईकरांनी तर सरळ ट्रेन पकडावी. कोकणकन्या रात्री निघून सकाळी मडगावला सोडते. वंदे भारत पहाटे सुटते, दुपारी पोचवते.

फिरायचं कशानं?
मुंबई-पुण्यासारखी कॅब चुटकीसरशी मिळेल ही आशा सोडा. गोवामाइल्स हे ॲप घेऊन ठेवा. एकटे असाल तर 'पायलट' म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलची टॅक्सी झकास. स्कूटर भाड्यानं घेताना नंबरप्लेट बघा : काळ्यावर पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं घेणं बेकायदा. आणि हेल्मेट, प्लीज!

सूर्यास्त विसरा, पहाट पकडा
डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. तेव्हा तुम्ही हॉलमध्ये कुणाची तरी चाळिसावी स्लाइड बघत असता. म्हणून सकाळचे दोन तास स्वतःचे. साडेसहाला बूट खोलीत ठेवून वाळूत उतरा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल : किनाऱ्यावर दोन्हीकडे माणसं उभी, मध्ये हळूहळू जवळ येणारं जाळं. परतताना गावाच्या रस्त्यानं या. सायकलवरचा पोदेर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोळी घ्या. पोळी म्हणजे आपली नव्हे, कोंडा लावलेला गोल पाव. रिसॉर्टच्या बुफेला त्याची सर नाही. कावेलोसिमला असाल तर दक्षिणेला मोबोरपर्यंत चालत जा. तिथे साळ नदी समुद्राला मिळते.

अर्धा दिवस मोकळा मिळाला तर मडगावचं मार्केट आणि पुढे चांदर. पत्रकार लुईस दि मिनेझिस ब्रागांझा यांच्या घराण्याचा वाडा तिथे आहे. झुंबरं आणि जुनं ग्रंथालय बघताना पुढचं सेशन हमखास बुडतं. बुडू द्या.

गाला डिनरनंतरची गोष्ट
आता थोडं सीरियसली. शेवटची रात्र, हातात ग्लास आणि कुणीतरी म्हणतोच, 'चल रे, पाण्यात जाऊ!' आमच्यातला एक गेला. गुडघाभर पाणी होतं. एका लाटेनं आडवा केला, दुसरीनं आत ओढला. तिघांनी हात धरून बाहेर काढला, तेव्हा त्याचा चष्मा, फोन आणि नशा तिन्ही गेलं होतं. सकाळी बघतो तर त्याच जागी लाल झेंडा!

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत, पण दिवसा. डिनर संपतं तेव्हा पाण्याशेजारी कुणी नसतं. लाटांच्या मधला शांत, गडद पट्टा सुरक्षित वाटतो. बहुतेकदा तिथूनच पाणी समुद्रात परत ओढलं जातं. दिवसा त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. घाबरून दम घालवू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या, मगच आत वळा. हात वर करून मदत मागा. जून ते सप्टेंबर रिसॉर्ट स्वस्त मिळतात, म्हणून कंपन्यांना पावसाळा आवडतो. समुद्र मात्र तेव्हा फक्त बघायचा.

त्या रात्री 'नको रे' म्हणणारा एकजण ग्रुपमध्ये हवाच. त्याला बोअर म्हणतील. म्हणू देत. रविवारी सगळेच्या सगळे घरी परततात, ते त्याच्यामुळे.

आणि घरी बॅग उघडल्यावर चपलेतून चिमूटभर वाळू पडली, तर समजा, कॉन्फरन्स सत्कारणी लागली!